पार्सलबाईंचे दुपटे

मंगळवार, १४ मार्च. ऊन चांगले. बाळाचा पाचवा दिवस. ६.१० ला पाजायला घेतले, चार घोट, झोप. ८.४० ला घेतले, दोन घोट, झोप. नर्स साडेनऊला आली. वजन २ किलो ८००; जन्माचे ३ किलो १००. ९.५० ला नर्सच्या देखत बावीस मिनिटे प्याला. गुरुवारी पुन्हा वजन. चढले नाही तर दवाखान्यात ठेवावे लागेल. न्हाणीघरातला नळ ठिबकतो.

एवढे लिहून आजींनी पेनाला टोपण लावले आणि नातवाला गुंडाळायला घेतले.

गल्लीत त्यांना सगळे पार्सलबाई म्हणत. टपाल कचेरीच्या पार्सल खिडकीवर बत्तीस वर्षे काढलेल्या बाईला दुसरे काय म्हणणार? एकदा एका गृहस्थाने काचेचे झुंबर उघडेच हातात धरून आणले होते. पार्सलबाईंनी ते असे बांधले की चार दिवसांच्या प्रवासानंतर त्याचा एक लोलक हलला नव्हता. तसे पत्र आले होते आणि ते अजून कपाटात होते. निवृत्तीनंतर मात्र घरात गुंडाळण्यासारखे काही उरले नाही. सून बस चालवायची, मुलगा लिफ्ट दुरुस्त करायचा. दोघेही आपापल्या पायांनी घराबाहेर पडत.

आणि मग नातू झाला. नाजूक माल, डोके वरच्या बाजूला.

दुपट्याचे एक टोक डाव्या बगलेखालून, दुसरे उजव्या खांद्यावरून, खालचा भाग वर दुमडून आत खोचलेला. बाहेर फक्त चेहरा. घडी अशी बसायची की बघणाऱ्याने पावती मागावी. आत शिरला की बाळ एक सुस्कारा टाकायचा आणि जगाशी संबंध तोडायचा.

अडचण एवढीच होती की तो दूध प्यायलाही उठत नव्हता.

सुनेला दूध नव्हते असे नाही. चौथ्या दिवशी पान्हा असा आला की छाती भरून दगड झाली. बाळाला छातीशी धरले की तो तोंड उघडायचा, दोन घोट घ्यायचा आणि तोंडात तसेच धरून घोरायला लागायचा. हाताने पिळून चमच्याने पाजावे तर अर्धे दूध ओठांच्या कोपऱ्यातून मानेवर.

"साहेब, शेवटचा थांबा. उतरा आता," सून त्याच्या कानाशी म्हणायची. दहा वर्षे रोज रात्रपाळीच्या झोपाळू प्रवाशांना तिने याच वाक्याने उठवले होते. "प्रवासी एका हाकेत उठायचे हो आई. हा तर तिकीट न काढताच झोपलाय."

मुलाने ताटलीवर पाना वाजवून पाहिला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त न्यायाधीश उठून खाली विचारायला आले. बाळ उठला नाही. तळपायाला गुदगुल्या केल्या तर तो झोपेतच हसला, जणू हे सगळे त्याच्या करमणुकीसाठी चालले होते.

मंगळवारी नर्सने आल्या आल्या दुपट्याकडे पाहिले.

"आजी, हे बाळ आहे की तिजोरीत ठेवायचा दागिना?"

तिने घडी सोडली, झबले काढले, लंगोटावर राहिलेल्या बाळाला आईच्या उघड्या छातीवर ठेवले आणि दोघांवरून हलकी चादर टाकली. बाळाने हातपाय ताणले, कपाळाला आठ्या घातल्या, एक डोळा उघडला. मग तोंड. तो पेंगला की नर्स सुनेला छाती हळूच दाबायला सांगायची. घोट सुरू व्हायचे. बावीस मिनिटे.

"पाजताना असंच मोकळं ठेवा. आईच्या अंगाची ऊब पुरते," ती निघताना म्हणाली.

"हो," पार्सलबाई म्हणाल्या. दार लागले आणि त्यांनी दुपटे अंथरले.

"आई, नर्सनी काय सांगितलं?"

"पाजताना मोकळं ठेव म्हणाली. आत्ता कुठे पितोय तो?"

पण पुढच्या वेळी पाजायला दिला तोही बांधलेलाच. उघडे बाळ हातात द्यायचे म्हणजे सुतळी न बांधता खोके खिडकीतून पुढे सरकवायचे. ते त्यांच्या हातून होईना. "तोंड मोकळं आहे ना? प्यायला तोंडच लागतं," त्या म्हणाल्या. सुनेला टाक्यांमुळे नीट बसवत नव्हते, वाद कुठून घालणार? बाळ तीन घोट प्याला आणि झोपला.

"नर्सच्या हाताला यश आहे," पार्सलबाईंनी निकाल दिला.

बुधवारी सकाळी बाळाने वीस मिनिटांत दोन्ही दुपटी ओली केली. ती धुऊन दोरीवर घातली. साडेदहाला बाळ नुसत्या लंगोटावर आईकडे गेला आणि अठरा मिनिटे प्याला. पार्सलबाईंनी त्याचे श्रेय हवेला दिले. दुपारी त्यांना दातांच्या डॉक्टरांकडे जायचे होते. जाताना त्यांनी वाळलेले दुपटे मुलाच्या हातात दिले आणि घडी तीनदा करून दाखवली.

परत आल्या तर मुलगा दारातच उभा.

"आई, पंचवीस मिनिटं प्याला. बसल्या बैठकीला."

"आणि घडी?"

"घडी काही जमली नाही बुवा. लिफ्ट सोपी."

पार्सलबाईंचा चेहरा पडला. "म्हणजे मी घराबाहेर गेले की हा पितो."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. लिहून ठेवते."

दाढ बधिर, ओठ एका बाजूला झुकलेला, अशा अवस्थेत त्या डायरी घेऊन खिडकीशी बसल्या. आधी जे पाहिले ते लिहा, मग जे वाटते ते लिहा, असे मिशनच्या शाळेत शिकवणाऱ्या सिस्टरनी सांगितले होते. त्यांनी पाच दिवसांच्या नोंदी वाचल्या आणि चांगल्या पाजण्यांखाली रेघ मारली. रेघा तीनच आल्या. पहिली: नर्सने सोडला. दुसरी: दुपटी दोरीवर. तिसरी: घडी जमली नाही.

त्यांनी पुन्हा वाचले. तीनही वेळा पार्सल उघडे होते.

उद्या वजन. पाच दिवस घरातले सगळे ज्याला उठवत होते, त्याला त्या दर अडीच तासांनी स्वतःच्या हातांनी, इतक्या कौशल्याने झोपवत होत्या. डायरी कोणी वाचत नसे. मिटून ठेवली असती तर चालले असते. दुपटे पुन्हा ओले झाले म्हणायचे, बस्स.

त्या उठल्या आणि डायरी घेऊनच सुनेच्या खोलीत गेल्या.

"अगं, जागी आहेस?"

"मी जागीच आहे. तुमचा नातूच झोपलाय."

"तो झोपत नाही. मी झोपवते." आणि पार्सलबाईंनी उभ्यानेच, तक्रारअर्ज वाचावा तशा, सगळ्या नोंदी तारीखवार वाचून दाखवल्या. बधिर ओठामुळे 'दुपटे' हा शब्द दर वेळी फुसकन निसटत होता.

सून आधी गंभीरपणे ऐकत होती. चौथ्या दुपट्याला तिने उशी तोंडावर घेतली. "आई, हसवू नका हो, टाके दुखतात."

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"मला कालच वाटलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतकं छान गुंडाळता. वाटलं, कुठे मोडायचं."

पार्सलबाईंनी डायरी मिटून बाजूला ठेवली. मग त्यांनी बाळाला पुढ्यात घेतले आणि घडी सोडली. सोडण्यातही त्या वाकबगार होत्या: खालचा भाग, उजवा खांदा, डावी बगल. बाळाने आठ्या घातल्या.

"साहेब, शेवटचा थांबा," सून म्हणाली.

साहेबांनी तोंड उघडले.

जादू वगैरे काही झाली नाही. पाच मिनिटांनी तो पेंगायचाच. मग छाती दाबायची, बाजू बदलायची, लंगोट बदलायचा, पाठीवरून बोट फिरवायचे. पण उठायचा. दर अडीच तासांनी पार्सलबाई घड्याळ बघून हजर व्हायच्या आणि "सोडवणूक खिडकी उघडली" असे जाहीर करायच्या. गुरुवारी सकाळपर्यंत ओल्या लंगोटांची संख्या चारवरून सातवर गेली, तीही नोंदली गेली.

नर्स आली. बाळाला उघडेच काट्यावर ठेवले. मुलगा पाना हातात घेऊन उभा होता. का, ते त्यालाही ठाऊक नव्हते. आकडे पळाले, थांबले. २ किलो ८७०. त्याच क्षणी बाळाने काट्यावरच कारंजे सोडले.

"२ किलो ८६० धरा," पार्सलबाई म्हणाल्या.

"नाही, सत्तरच लिहिते. दवाखान्याची गरज नाही. असंच चालू ठेवा, पुढच्या बुधवारी बघू." नर्सने इकडेतिकडे पाहिले. "आजी, ते दुपटं कुठे गेलं?"

"रजेवर आहे."

सुनेने पुन्हा उशी शोधली.

त्या संध्याकाळी डायरीत वजन, पाजण्याच्या वेळा आणि लंगोटांची संख्या लिहून झाल्यावर खाली एक ओळ होती: धुतलेले दुपटे किटलीला गुंडाळले. चहा एक तास चाळीस मिनिटे गरम राहिला.