मीटरच्या डब्यातलं बिऱ्हाड

रिहे गावात आमच्या घराच्या पुढच्या दारावर मीटरचा जुना, रिकामा डबा आहे. त्यावरून चिमण्या आणि साळुंक्यांची जुंपली. माझ्या सासूबाई, सगुणाबाई, चिमण्यांच्या बाजूनं काठी घेऊन ओट्यावर बसल्या. साळुंक्या कंटाळून आंब्याच्या ढोलीत गेल्या, पण चिमण्याही येईनात.

"आत्याबाई, त्या तुमालाच भ्यात्यात," मी वैतागून म्हणाले.

त्या उठल्या आणि त्यांनी पुढचं दारच बंद केलं. मग चिमण्यांनी घरटं केलं.

पुढं माझ्या सृष्टीला बघायला पाहुणे आले. त्यांनाही सासूबाईंनी मागून, गोठ्यातून आत घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलाच्या आईनं आठ्या घालून कारण विचारलं.

"पुढल्या दारी बाळंतीण हाय," सासूबाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

तेवढ्यात डब्यात पिल्लं चिवचिवली, आणि त्या बाईंनीही आवाज खाली आणला.