दुकानाचा नंबर

रामचंद्र हंचाटे, म्हणजे आमचे अण्णा, माझ्या ऑफिसचा जिना चढायला लागले की माझं डोकं आधीच दुखायला लागतं. कोप्पीकर रोडवर बसून लोकांचे टॅक्सचे कागद करण्यात माझा निम्मा जन्म गेला. हट्टी गिऱ्हाइकाचं मला काही नवल नाही. पण बाकीचे लोक पैसे वाचवायला हट्ट करतात आणि हा मनुष्य पैसे घालवायला करतो. दाजीबानपेठेत ह्यांचं खणांचं दुकान, दोन माणसं आत शिरली तर तिसऱ्यानं रस्त्यावर उभं राहायचं. एवढ्याशा धंद्याला विक्रीवर ठरावीक टक्के नफा दाखवून मोकळं होता येतं. पावत्या नकोत, वह्या नकोत, माझी फीसुद्धा निम्मी. पण नाही! अण्णांना सगळा खर्च बैजवार लिहून हवा, कारण त्या खर्चात एक ओळ हवी असते. दुकानाच्या मोबाइलचा रिचार्ज, नंबर दोन.

नंबर एक त्यांच्या खिशातला. त्याचं ठीक आहे. गुळेदगुडचे विणकर त्याच्यावर बोलतात, सोलापूरचा व्यापारी बोलतो, थोडे घरचे फोन होतात तेवढा भाग मी वगळते. नंबर दोन मात्र दीपश्रीचा. दीपश्री म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, आणि ती पुण्याला जाऊन चार वर्षं झाली.

मला ते माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं, आणि दर वर्षी मी कुरकुरत ती ओळ जाऊ देत होते. पण गेल्या वर्षी दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला टॅक्सवाल्यांनी घरच्या फोनांच्या खर्चाबद्दल प्रश्न विचारले आणि उत्तरं देता देता माझ्या नाकी नऊ आले. तेव्हा यंदा मी ठरवलं, सोक्षमोक्ष लावायचा. अण्णांना निरोप धाडला, दुकान उघडायच्या आधी इकडं या.

आले. डोक्यावर काळी टोपी, हातात दुकानाचीच कापडी पिशवी, तोंडावर हसू. बसता बसता सुरू.

“उत्तराक्का, गिऱ्हाईक हल्ली फार शहाणं झालंय बघा. नवी बाई येते, कधी तोंड बघितलेलं नसतं, पण वरच्या फळीकडं बघत नाही. थेट खालच्या कपाटातलं दाखवा म्हणते. माझ्या गुडघ्यांना केवढा आराम! देवीची कृपा, दुसरं काय.”

“देवीला नंतर हात जोडा,” मी म्हटलं. “आधी हे सांगा, दीपश्रीच्या फोनचा खर्च दुकानाचा कसा?”

हसू गेलं.

ह्या माणसाला मी लहानपणापासून बघते आहे. माझ्या आईचे खण ह्यांच्याच दुकानातले. घडीचा त्रिकोण एका झटक्यात उलगडून काठ असा समोर धरायचे की नको म्हणायची सोय नाही. कधी दर चढवून सांगितला नाही, कधी गिऱ्हाइकावर आवाज चढवला नाही. बायको, कमलवहिनी, लवकर गेल्या. पोर गल्ल्याशेजारी बसूनच मोठी झाली. दिवसाची पहिली विक्री, जिला आमच्या बाजारात भवानी म्हणतात, ती तिच्याच हातानं व्हायची. पहिले पैसे तिच्या ओंजळीत, तिनं ते देवीच्या फोटोला लावायचे आणि मगच गल्ल्यात. कॉलेजात गेली तेव्हा फोन सुरू झाला. भवानी झाली की अण्णा फोन करायचे, ती दोन तासांच्या मधे व्हरांड्यात येऊन विचारायची, “झाली?” “झाली गं.” एवढंच बोलणं, पण त्याशिवाय दुसरं गिऱ्हाईक घ्यायचे नाहीत.

पुढं तिनंच धंदा वाढवला. खणांचे फोटो काढून लोकांना पाठवायची, ऑर्डरी घ्यायची. पिशवीवर “ऑर्डरसाठी” म्हणून तिचा नंबर छापला. मग एक दिवस म्हणाली, अप्पा, बोर्डावर माझंही नाव घाला. अण्णा म्हणाले, “वेडी काय गं तू? पोरीचं नाव बोर्डावर? उद्या तू परक्याच्या घरी जाणार.” झालं! बाप हट्टी, लेक दीड हट्टी. तिसऱ्या दिवशी ती पुण्याच्या गाडीत बसली.

“सांगा की, दुकानाचा कसा?” मी पुन्हा विचारलं. “मी रिचार्ज बंद करा म्हणत नाही. खुशाल करा, पण तुमच्या खिशातून. ही ओळ घरखर्चात टाकते.” आणि त्यांच्यादेखत त्या ओळीवर पेन्सिलीनं काट मारली.

“तेच तर चालत नाही हो.” त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. “जाताना उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, अप्पा, यापुढं तुमचा एक पैसा मला नको. आता मी खिशातनं भरलं तर तिचा शब्द मीच मोडल्यासारखं होतंय. दुकानातनं भरलं तर तो दुकानाचा पैसा. दुकानावर तिचा हक्क आहे, अक्का. राबलीय ती.”

“हा हक्क बोर्डाच्या वेळी कुठं गेला होता?”

बोलून गेले खरी. माझ्या जिभेला हाडच नाही.

“तेव्हा अक्कल नव्हती,” ते म्हणाले. “आणि भरलंच नाही तर नंबर बंद होतोय. कंपनी तो दुसऱ्या कुणाला देती. मग भवानी झाल्यावर मी फोन लावणार आणि कोण तरी परका माणूस हॅलो म्हणणार. ते मला सोसायचं नाही. आता निदान तिच्या हातात वाजतोय तरी.”

“अजून रोज लावता?”

“हौदु. रोज.”

“उचलते?”

“इल्ल.” मान हलली. “पूर्ण वाजून बंद होतोय. मग मी दुसरं गिऱ्हाईक घेतो.”

मला रडू येत होतं आणि रडू आलं की मी भांडते, हा माझा स्वभाव. मी म्हटलं, “अण्णा, तुमचं दुःख मला कळतं, पण कायद्याला कळत नाही. खर्च धंद्याचा असेल तर त्यातून धंदा व्हायला हवा. ह्या नंबरवर दुकानाचा एक तरी फोन जातो का?”

“पिशवीवर आहे की.” त्यांनी पिशवी टेबलावर पसरली. नवी कोरी पिशवी, आणि नंबर तोच!

“अहो, अजून तोच छापता?”

“छापायचा ठसा तोच आहे,” ते खाली बघत म्हणाले. “बदलायचं हातनं झालं नाही.”

“आणि बाया फोन करतात तेव्हा उचलतं कोण? तुमचा उचलत नाही, ती त्यांचा उचलणार आहे होय? थांबा, तुमच्यासमोरच लावते. एकदाचं मिटू दे.”

बोलता बोलता साडेदहा वाजून गेले होते. ऑफिसच्या फोनवरून पिशवीवर बघून नंबर दाबला आणि स्पीकर चालू केला. अण्णा “बिडरी अक्का, बिडरी, राहू द्या” म्हणत माझा हात धरायला पुढं झाले. तेवढ्यात पलीकडून उचलला.

“नमस्काररी, हंचाटे खणवाले. बोला.”

अण्णा होते तसेच राहिले. हात अर्धा पुढं. आवाज स्वच्छ, खणखणीत, गल्ल्यावर बसलेल्या माणसाचा.

मी आवाज बदलून म्हटलं, “खण पाहिजे होते. पिशवीवर नंबर बघितला.”

“दुकान दाजीबानपेठेत आहे, मावशी. दहाला उघडतं. भवानी व्हायच्या आधी भाव करू नका, तसंही ते दर चढवून सांगत नाहीत. आणि वरच्या फळीतलं मागू नका हं. मालक शिडीवर चढतात, गुडघे दुखतात त्यांचे. खालच्या कपाटातलं दाखवा म्हणा, चांगला माल तिथंच आहे.”

मी अण्णांकडं बघितलं. त्यांनी टोपी दोन्ही हातांत घट्ट धरली होती आणि डोळे वाहत होते, पुसायचंही भान नव्हतं. देवीची कृपा म्हणे! मी पेन्सिल टाकली, खोडरबर घेतला आणि काट पुसून ती ओळ दुकानाच्या खर्चात ठेवली. सबंध.

“आणि मावशी,” ती जरा हळू म्हणाली, “मला फोन केला होता हे तिथं बोलू नका. खण आवडले तर घ्या, पण माझं नाव नको.”

मी फोन उचलून अण्णांच्या समोर सरकवला. त्यांनी मान हलवली, नको नको. मी डोळे वटारले. आयुष्यात एवढे डोळे मी कुणावर वटारले नसतील.

ते खाकरले. तोंड फोनजवळ नेलं. अप्पा बोलतोय, असं म्हणतील असं मला वाटलं.

“दुकानातनं बोलतोय,” ते म्हणाले.

पलीकडून कुठल्या तरी रस्त्यावरचे हॉर्न तेवढे ऐकू येत होते. आता ठेवते ही, मला वाटलं. अण्णांनाही तेच वाटलं असावं, कारण ते घाईघाईनं, एका दमात म्हणाले, “आज अजून भवानी झाली नाही गं. सकाळीच इकडं यावं लागलं. दुकान उघडलं नाही.”

“तेच म्हटलं,” ती म्हणाली, आणि आता तो आवाज गल्ल्यावरचा राहिला नव्हता. “मघापासनं हातात फोन धरून बसलेय. आज वाजला कसा नाही?”