खिळ्यावरची रबरी कडी

मामीचा फोन आला तेव्हा मी पाण्यात उतरायचा ड्राय सूट चढवून धरणाच्या काठावर बसलो होतो. हिमाचलातली ऐन थंडी, पाण्याच्या कडेला बर्फाची पातळ साय. या सूटची चेन पाठीवर, एका खांद्यापासून दुसऱ्यापर्यंत आडवी असते. ती आपली आपल्याला उघडता येत नाही. हातात जाड मोजे, म्हणून सोबत्यानंच फोन माझ्या कानाला लावला. "मामा गेले रं बाळा... दुकानातच," एवढंच मामी बोलली. पुढचं मला ऐकू आलं नाही. चेन उघड, चेन उघड, असं मी ओरडत होतो, ते मराठीतून, आणि तो डोंगरातला भला माणूस माझ्या तोंडाकडं बघत उभा होता.

किसनमामा माझ्या आईचे थोरले भाऊ. वडील गेल्यावर त्यांनीच मला वाढवलं. लोह्यात, नांदेड-लातूर रस्त्याच्या कडेला त्यांचं पंक्चरचं दुकान. पत्र्याची टपरी, हवेचा पंप, आणि पंक्चर शोधायचं पाण्याचं घमेलं. मामांना पोहता येत नव्हतं. त्यांच्या लहानपणी गावच्या विहिरीत उतरायची आमच्या लोकांना मुभा नव्हती, मग शिकवणार कोण? पाण्याशी त्यांची ओळख त्या घमेल्यापुरती. मी किनवटच्या वसतिगृहात असताना पैनगंगेच्या डोहात पोहायला शिकलो, तेही मामांना कळू न देता. पुढं धरणांचे दरवाजे पाण्याखाली उतरून दुरुस्त करायचं काम धरलं तेव्हा मात्र लपवता आलं नाही. मामा दोन दिवस धड जेवले नाहीत. तशी चिंता हा त्यांचा जुना सोबती. काळजीला कारण सापडलं नाही तर त्याचीही त्यांना काळजी वाटायची.

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी तेव्हा लातुरात राहायचो. आमच्या गल्लीत घागरीला कुलूप लावायचंच काय ते बाकी होतं. नेमकं त्याच वेळी मला हिमाचलातलं काम आलं. तिथल्या पाण्यात साध्या पोशाखानं माणूस काकडून जातो. ड्राय सूट लागतो, ज्याच्या आत पाण्याचा थेंब शिरत नाही. गळ्याला आणि मनगटांना रबराच्या घट्ट कडा, बाकी सगळं बंद. मुंबईच्या एका दुकानदारानं दोन वापरलेले सूट आठवडाभर बघायला पाठवले. एक फोमच्या रबराचा, जाड, अंगाला चिकटून बसणारा, स्वतःच ऊब देणारा. दुसरा पातळ, रबर लावलेल्या कापडाचा, ढगळ. त्याला स्वतःची ऊब नाही, आत जाड गरम कपडे घालायचे. मला जाड आवडला होता. तरी दोन्ही पाठीवर टाकून मी लोह्याला गेलो. छिद्र शोधावं तर मामांनीच.

दुकानापुढं त्या दिवशी एक टँकर चाक उतरवून उभा होता आणि मागं जिल्ह्याच्या मागणीचा फलक लावलेली एक जीप. उदगीर की किनवट, नवा जिल्हा कोणता, यावर जीपवाल्यांची आपसात जुंपली होती. मामा टायरमधून मान वर न काढता म्हणाले, "कोन्ताबी करा, पन येताना हा टँकर भरून आना म्हनावं." मग माझ्या पाठीवरचे सूट बघून त्यांचा चेहरा उतरला. "ह्याच्यात बसून तू बर्फात जाऊन राहिलास?"

टँकर गेल्यावर त्यांनी काम हातात घेतलं. सूटच्या मनगटांत बाटल्या खुपसल्या, गळ्यात स्टीलची कळशी बसवली आणि पंपानं हवा भरली. दोन बिनमुंडक्याची माणसं दुकानात आडवी पडल्यासारखी दिसायला लागली. घमेल्यातलं पाणी आठवडाभराचं, काळंकुट्ट. "ह्याच्यात बुडबुडा दिसायचा न्हाई," म्हणून मामांनी मामीकडं प्यायचं पाणी मागितलं. टँकर आठ-आठ दिवस यायचा नाही, तरी मामीनं तांब्याभर आणून दिलं. वर म्हणाली, "सांडलं तर तुमच्या वाटचं जाईल." त्यात साबण कालवून मामा ब्रशानं एकेक शिवण ओली करत गेले. मी हसत होतो. ते हसत नव्हते. एका हातानं सूट दाबायचे, कान लावायचे, शंका आली तिथं थुंकीचं बोट लावून बघायचे.

जाड सूटला काखेत बारीक बुडबुडे आले. मामांनी तो दाबून दाबून बघितला आणि बाजूला सारला. "हे बाहेरून इथं गळतंय, पन हवा फोमात आतून कुठून शिरली ते सापडायचं न्हाई. पातळ घे. फाटलं तर फाटलेलं दिसंल, ट्यूबवानी ठिगळ लावता येईल. ऊब काय, आतल्या कपड्यात बी मिळंल." एवढी साधी गोष्ट मला दुकानदारानं सांगितली नव्हती. मग मामांनी तो मला जाड कपड्यांवर चढवून बघायला लावलं, वाकवलं, हात डोक्यामागं न्यायला लावले. पातळ सूट ठरला.

चूक झाली ती गळ्यावर. सूट वापरलेला असला तरी गळ्याची कड दुकानदारानं नवी बसवली होती, आणि नवी कड घट्ट असते. आपल्या गळ्याच्या मापानं तिच्या टोकाच्या एक-दोन कड्या, बांगडीसारख्या रबरी पट्ट्या, कापायच्या असतात. मी कात्री घेतली तर मामांनी हात धरला. "कापू नको. घट हाय तवर गळत न्हाई." उभा जन्म ट्यूब बघण्यात गेलेला माणूस, त्याला घट्ट म्हणजेच सुखरूप. मला ठाऊक होतं की कापायला हवी. पण त्यांचा जीव टांगणीला लागलेला दिसत होता, आणि मी कात्री ठेवून दिली.

पहिल्याच बुडीत, गार पाण्यात उतरून थोडा वेळ होतो न होतो तोच डोळ्यांपुढं काळोखी आली. कानात धडधड, हात कुणा दुसऱ्याचे असल्यासारखे. सोबत्यानं ओढून वर काढलं म्हणून आज हे लिहितो आहे. काठावर शुद्धीवर आलो, गळा आवळणाऱ्या त्या कडेची एक कडी कापली आणि खिशात टाकली. मामांचा फोन आला. "गळलं का रं?" मी म्हणालो, "थेंबबी न्हाई, मामा. लई बेस." ते खरंही होतं, आणि तेवढंच खोटं.

सुट्टीत लोह्याला आलो तेव्हा त्यांनी सूट मागून घेतला. गळ्यावर बोट फिरवलं आणि थांबले.

"किती कापलास?"

"एक कडी."

"कवा?"

मला खोटं सुचलं नाही. सगळं सांगितलं. मामांनी हात पुढं केला. "ती कडी दे." दिली. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर मात्र त्यांचा फोनवरचा प्रश्न बदलला. गळतंय का, हे त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. दर खेपेला, बुडीच्या आधी, एकच विचारायचे. "गळा मोकळा हाय ना?" मी दोन बोटं कडेखाली घालून बघायचो आणि हो म्हणायचो. कधी वैतागूनही म्हणालो असेन. त्याची आता लाज वाटते.

परवा मामीसोबत दुकान आवरायला गेलो. पंप, घमेलं, ठिगळांचा डबा, सगळं जागच्या जागी. घमेल्याच्या वरच्या खिळ्याला ती कडी लटकत होती, रबर विटलेलं. मी म्हणालो, "ही अजून ठेवलीय?"

मामी पायरीवर बसली. "तू परत कामावर गेलास ना, त्या दुपारी भाकर घेऊन आले मी. तर हे आपले ती कडी गळ्यात घालून बसलेले. तोंड लालबुंद, घाम गळून राहिला. काढा म्हनलं तर काढीनात. म्हनले, थांब, पोरानं किती दम धरला ते बघू दे मला."

मी खिळ्यावरून कडी काढली. ताणली आणि डोक्यावरून घालणार, तेवढ्यात मामीनं उठून मनगट धरलं.

"नको रं. त्यानला वाटायचं, पोराच्या गळ्यात ही पुन्हा नको, आपन घातली तेवढी बास."

मी कडी परत खिळ्याला लावली. मग बाहेर आलो, आणि शर्टाचं वरचं बटण उघडंच होतं तरी दोन बोटं गळ्याशी नेऊन बघितली.