माझ्या सांध्यांसाठी निवडलेलं शहर

आधीच सांगते, डार्विन बघायची मला काडीची हौस नव्हती. ऑस्ट्रेलियाच्या वरच्या टोकाला समुद्राकाठी असं एक शहर आहे, हेसुद्धा दोन वर्षांपूर्वी मला ठाऊक नव्हतं. गेलो ते एका शब्दाच्या घोटाळ्यामुळे.

आमची लेक केतकी मेलबर्नला नर्स आहे. मागच्या वर्षी जूनमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे गेलो. जूनमध्ये तिकडे ऐन थंडी असते, हे शाळेत शिकलेलं आम्ही साफ विसरलो होतो. मला संधिवात. बोटं अशी आखडली की ब्लाउजचे हूक लेकीला लावून द्यावे लागायचे. परत बोईसरला आल्यावर एकदा ती फोनवर म्हणाली, "आई, मी एखाद्या गरम गावात बदलून गेले, तर दरवर्षी सहा महिने राहायला येशील?" नेमकं त्याच वेळी दूध उतू गेलं. मी म्हटलं, "बरं, येते हं," आणि फोन ठेवला.

आता आपल्यात निघताना कोणी "जाते" म्हणतं का? मी तर फोन ठेवतानाही "येते"च म्हणते. लेकीनं तो होकार धरला. दुसऱ्या दिवसापासून शहरांची नावं यायला लागली. ब्रिस्बेन, केर्न्स, डार्विन. कुठे पारा किती उतरतो, कुठे हवा कोरडी, कुठे दमट. पोर इतकी आनंदात होती की मला तोंड उघडवेना. आमचे हे म्हणाले, "सांगून टाक की सरळ." म्हटलं, तुम्हीच सांगा. ह्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

शेवटी डार्विन ठरलं. तिथल्या हॉस्पिटलनं तिला बोलावलं होतं. "तुम्ही आधी बघून घ्या, मग मी होकार कळवते," असं तिचं म्हणणं. जुलैची तिकिटं तिनंच काढली.

निघायच्या दिवशी सकाळी हौसाबाई मासळीची पाटी घेऊन दारात. "पोरीकडं चाललीस बाय? तिथं म्हावरं मिलतं काय?"

"मिळत असेल."

"असेल काय असेल! नाय मिललं त काय खाशील?" तिनं जबरदस्तीनं सुकटीची पुडी हातात कोंबली. ती घरीच ठेवली. तुम्हीही ठेवा. खायचं काही नेलंच, तर तिकडे उतरल्यावर खरं खरं सांगा, लपवाछपवी चालत नाही.

बेटेगाववरून चिल्हार फाट्याला लागलो आणि तिथून हायवे. विमानतळावर जाताना भरपूर वेळ हाताशी ठेवा, खड्डे आणि ट्रक यांच्यापुढे कोणाचं चालत नाही. ड्रायव्हर बिहारचा होता. म्हणाला, "अंकल, उधर तो बहुत गर्मी होगी, इतना नीचे साउथ में है।" झालं! ह्यांनी पृथ्वी कशी कललेली असते ते सुरू केलं, ते वसई गेली तरी संपेना. मी डोळे मिटून घेतले. प्रवास सुरू व्हायच्या आधीच मी दमले होते, आणि ते काही वयामुळे नव्हतं.

सिंगापूरला विमान बदलून डार्विन. केतकी मेलबर्नहून आधीच येऊन थांबली होती. ज्यांचे गुडघे माझ्यासारखे आहेत त्यांनी व्हीलचेअर आधीच सांगून ठेवावी, लाजू नये.

आणि हवा? खरं सांगू, हवेला नाव ठेवायला जागा नाही. मे ते सप्टेंबर तिकडे पावसाचा थेंब नाही. आपल्याकडे जानेवारीतली दुपार असते ना, तशी, थोडी जास्तच गरम. चार दिवसांत माझी बोटं सुटली. कित्येक महिन्यांनी मी माझी वेणी स्वतः घातली. केतकी दारात उभी राहून बघत होती. तिचा उजळलेला चेहरा बघून मला वाटलं, बोटं आखडलेलीच राहिली असती तर बरं झालं असतं.

फिरण्याबद्दल सांगते. समुद्र तिन्ही बाजूंनी, पण पाण्यात उतरायचं नाही. मगरी! जागोजागी पाट्या आहेत. पोहण्यासाठी बंदिस्त तलाव केलाय, तिथे पोरं डुंबतात. "म्हणजे एवढा समुद्र नुसता बघायला!" हे चिडलेच. ओहोटीला पाणी पार लांब जातं, मागे चिखल आणि तिवरं. वैतरणा खाडीवरून गाडीतून दिसतं अगदी तेच. बसनं फिरता येतं, पण रविवारी बस फार थोड्या. बाहेर खाणं महाग, त्यामुळे स्वयंपाकघर असलेली खोली घ्या. डाळ-तांदूळ, हिंग, सगळं मिळतं.

गुरुवारी किनाऱ्यावर बाजार भरतो तो मात्र चुकवू नका. लोक घरून खुर्च्या आणतात, मावळतीकडे तोंड करून बसतात, आणि सूर्य बुडाला की चक्क टाळ्या वाजवतात. हे म्हणाले, "आमच्या चिंचणीच्या समुद्रात रोज बुडतोय, बिचाऱ्याला कुणी विचारत नाही." त्या दिवशी पहिल्यांदा तिघंही मनापासून हसलो. तिथे बॅरामंडी नावाचा मासा खाल्ला. मी माहेरची माकुणसारची, खाडीकाठची, मला कोण फसवणार? हा आपला जिताडा! बिनमिठाचा, बिनतिखटाचा, बटाट्याच्या कापांबरोबर ठेवलेला. जिताड्याची अशी दशा बघवत नाही हो.

निघायच्या आदल्या दिवशी केतकी आम्हाला एक भाड्याचं घर दाखवायला घेऊन गेली. तळमजला, समोर चाफा. घरमालकीण बाहेर फोनवर बोलत होती, हे चाफ्याखाली थांबले. केतकी खोल्या सोडून थेट मोरीत गेली, तिथला नळ उघडला, बंद केला. मग स्वयंपाकघरातला. मग मागच्या अंगणातला.

"काय गं, पाणी येत नाही का?"

"पाणी येतंय. दांडीचे नळ आहेत का बघतेय. गोल चावी तुला फिरवता येत नाही ना."

मला राहवलं नाही. रिकाम्या घरात, ओट्याला टेकून, मी बोलून गेले. "केतकी, मी नाही येणार गं राहायला."

"अगं, पण तूच म्हणालीस, येते म्हणून."

"ते फोन ठेवताना म्हटलं. दूध उतू जात होतं."

ती आधी हसली. खूप हसली. मग तिथेच फरशीवर बसून रडायला लागली. "वर्षभर मी तुझ्यासाठी हवा बघत बसलेय, आई! मेलबर्नचं घर सोडते म्हणून कळवलंय. मला सांगायला काय झालं होतं?"

"तू एवढी खूश होतीस..."

"आणि इथे तुला बरं वाटतंय ते?"

"हाताला बरं वाटतंय. पण तू दिवसभर ड्यूटीवर, आम्ही दोघं ह्या खिडकीत. माकुणसारला माझी बहीण आहे, ह्यांचे प्लँटवरच्या नोकरीतले मित्र आहेत, हौसाबाई आहे. मला तिथेच राहायचंय. माझ्या सांध्यांवर तू गाव निवडू नकोस, बाई. तुला जिथे राहावंसं वाटतं तिथे राहा."

"ठीक आहे," म्हणाली. विमानतळावर मला घट्ट धरलं, पण डोळ्याला डोळा दिला नाही.

घरी आलो तर कपाटातल्या साड्यांना बुरशी, आणि आठवड्याभरात बोटं पुन्हा होती तशी. डार्विनला जावं का, असं कोणी विचारलं तर जरूर जा म्हणते. जुलैत जा, बाजार बघा, मसाला बरोबर न्या. माझ्यापाशी उरलं काय, तर त्या घरात एकामागून एक उघडलेल्या नळांचा आवाज. तो अजून ऐकू येतो.

ऑक्टोबरात, बोईसरला अंगाची लाही होत असताना, केतकीचा फोन आला. नोकरी घेतली म्हणाली. होबार्टला. ह्यांनी नकाशा काढला. होबार्ट पार खालच्या टोकाला, मेलबर्नहूनही थंड. "मला थंडीच आवडते गं, डोंगरावर बर्फ पडतं तिथे. तुझ्यामुळे कधी बोलले नाही." मी म्हटलं, छान केलंस. फोन ठेवला आणि मोरीत जाऊन पोटभर रडले. तिच्या मनासारखं झालं म्हणून बरंही वाटत होतं, आणि लेक हातची गेली असंही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी पालघरला गेले. स्टेशनजवळच्या कपड्यांच्या दुकानात लोकरीचे हातमोजे मागितले. दुकानदार पंख्याखाली घाम पुसत होता. "काकू, लोकरीचा माल डिसेंबरात येतो. आत्ता ह्या उकाड्यात हातमोजे कोणाला?"

"मला," म्हटलं. "चांगले जाड दाखवा. लेकीकडे जायचंय."