तारांगणात लाईट आली

आमच्या घरात मुंबईबद्दल बोलण्याचा अधिकार फक्त माझ्याकडे होता, कारण लग्नानंतर मी तिथे दोन दिवस राहून आलो होतो. सुनंदा, म्हणजे माझी बायको, तीही बरोबर होती. पण तिने तो अधिकार कधी मागितला नाही.

त्या दोन दिवसांत आम्ही समुद्र पाहिला, बोटीत बसलो आणि तारांगण पाहिलं. समुद्र काय, सगळेच पाहतात, म्हणून मी तारांगणावर भर दिला. शेवगावात आमच्या घरी कुणीही आलं, की चहा उकळेपर्यंत मी त्याला खुर्चीत मागे रेलायला लावायचो. (प्लॅस्टिकच्या खुर्च्या रेलत नाहीत. दोन मोडल्या.) मग मी सांगायचो, "समजा संध्याकाळ झाली. हळूहळू अंधार पडतोय. एक तारा, दोन तारे, आणि एकदम सगळं आभाळ. मग लांबून शनी येतो, कड्यांसकट. इतका जवळ येतो, की मी डोकं बाजूला घेतलं होतं." इथे मी डोकं बाजूला घेऊन दाखवायचो. बावीस वर्षं घेत होतो.

पाहुणे एकदा ऐकून सुटायचे, पण आत्या दर वेळी ऐकायची. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, गेल्यापासून ती आमच्याकडेच असते. सारा जन्म गवताचे भारे डोक्यावर वाहिल्यामुळे तिच्या मानेला पट्टा आहे आणि वर बघायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद आहे. पूर्वी ती अंगणात बाज टाकून झोपायची. पुढे स्लॅबचं घर झालं, समोरच्या खांबावर मोठा दिवा लागला, आणि आत्याचं आभाळ संपलं. एक दिवस माझा शनी येऊन गेल्यावर ती म्हणाली, "दत्ता, त्या खुर्चीत मान न वळवता वरचं दिसतं का रे?"

"आपोआप दिसतं, आत्या. खुर्चीच मागं जाते."

"मग मला एकदा बसव तिथं. पंचाहत्तर झाली. आजून किती दिस नुसतं ऐकू?"

आत्याने आमच्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. मी तिथल्या तिथे कबूल केलं आणि शब्बीरला फोन लावला. शब्बीर माझा पहिलीपासूनचा मित्र. त्याची सात सीटची गाडी आहे आणि तो भाड्याने चालवतो. त्याला गाडी हवी म्हणून सांगितलं तर म्हणाला, "भाड्याचं नाव काढू नको. तुझा शनी मीबी लई वर्सं ऐकतोय. बघू तरी एकदा."

डिसेंबरात एका गुरुवारी निघायचं ठरलं. मी शाळेत लेखनिक असलो तरी दोन एकर कांदा आहे, आणि त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्री बाराला यायची. मंगळवारी आणि बुधवारी मी पाणी भरलं आणि गुरुवारी पहाटे चारला तसाच गाडीत बसलो. सुनंदा म्हणाली, "जरा डोळा लावा, उठवते मी." पण मुंबईला जाणारी गाडी आणि मी गप्प? केडगावला चहा घेतला तेव्हा मी समुद्रापर्यंत आलो होतो, पुणे मागे पडलं तेव्हा तारांगणाच्या दारात होतो, आणि घाट उतरताना शनी दोनदा येऊन गेला.

मुंबईत शिरल्यावर रस्ता मीच दाखवला. "तो पांढरा घुमट दिसतोय ना, तिकडं घे." शब्बीरने घेतलं. ती पाण्याची टाकी निघाली. दुसऱ्या घुमटाखाली कुणाचं तरी लग्न होतं. मी म्हणालो, "बावीस वर्षांत मुंबई बदलली." शब्बीरने काच खाली केली, एका फुलवालीला विचारलं आणि पाच मिनिटांत आम्ही तारांगणासमोर होतो. इमारत माझ्या आठवणीपेक्षा निराळीच होती, पण ते मी बोललो नाही.

खेळ तीनचा होता. बागेत झाडाखाली बसून आम्ही डबा उघडला. आत्याच्या सहलीसाठी म्हणून सुनंदाने पुरणपोळ्या केल्या होत्या. आत्याने अर्धी खाल्ली, मी साडेचार. पुढे जे झालं त्यात त्या पोळ्यांचा वाटा मोठा आहे, आणि ही माझी तक्रार नव्हे.

रांगेत आमच्या पुढे एका शाळेची सहल होती. मुलं कंटाळून एकमेकांच्या टोप्या ओढत होती. मी त्यांना सहज शनीचं सांगायला लागलो. मुलं ऐकायला लागली. त्यांच्या बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही खगोलशास्त्राचे का?" मी म्हणालो, "नाही, आवड आहे." हे मी अशा आवाजात म्हणालो, की बाईंनी मुलांना रांगेत काकांच्या जवळ उभं केलं. सुनंदा माझ्याकडे पाहत होती. तिला काहीतरी सांगायचं होतं, असं आता वाटतं.

आत गेलो. आत्याला मधली जागा दिली, मानेमागे तिचीच शाल घडी करून ठेवली. खुर्ची मागे गेली तशी ती छताकडे बघत म्हणाली, "व्हय रे दत्ता, खरंच दिसतंय की." अजून तिथे काही नव्हतं, नुसता पांढरा घुमट होता. पण तिचा चेहरा असा झाला होता, की माझे दोन रात्रींचे श्रम तिथेच फिटले. मग थंडगार हवा सुटली. एका मुलीचा मऊ आवाज आला, "नमस्कार. आता मुंबईवर संध्याकाळ होते आहे." घुमटाच्या कडेला नारंगी उजेड पसरला, तो जांभळा झाला, विझत विझत गेला. एक तारा उगवला. दुसरा उगवला.

तिसरा मला आठवत नाही.

मला आठवतं ते माझं रान. बांधावर पोतं टाकून मी पडलो होतो, कांद्याच्या पातीवर दव होतं, आणि वर इतके तारे होते, की त्यांचा उजेड वाफ्यांतल्या पाण्यात हलत होता. कुठूनतरी मऊ आवाजात कुणी सांगत होतं, की हा प्रकाश हजारो वर्षांपूर्वी निघाला आहे. मला वाटलं, वीज मंडळाचीच बाई बोलतेय. आणि मग लांब विहिरीवरचा दिवा पेटला.

पुढचं सगळं मला शब्बीरने सांगितलं. तो खोटं बोलत नाही, फक्त सांगताना फार हसतो.

त्याच्या म्हणण्याप्रमाणे सगळ्या तारांगणात टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता होती. त्या शांततेत मी, शेतातून विहिरीपर्यंत पोचेल अशा आवाजात ओरडलो, "लाईट आली! मोटार टाका!" आणि हात पुढे करून स्टार्टरचं बटण दाबलं. ते पुढच्या रांगेतल्या गृहस्थांचं टक्कल होतं. मी ते दोनदा दाबलं, कारण आमची मोटार पहिल्यांदा उचलत नाही.

ते गृहस्थ उठून बसले. मुलं खुदखुदायला लागली. निवेदन करणारी मुलगी थांबली. आणि त्या अंधारातून आत्याचा आवाज आला, अगदी निवांत, घरी बोलते तसा. "झोप रे दत्ता. आजून तिकांडं डोक्यावर आलं न्हाई. बाराला वेळ हाय."

सगळं तारांगण हसलं. मी कूस बदलली आणि सांगितल्याप्रमाणे झोपलो.

ती मुलगी मात्र हसली नाही. तिने विचारलं, "आजी, तिकांडं म्हणजे कोणतं? दाखवाल का?" तिच्या हातात उजेडाचा बाण होता. आत्या म्हणाली, "थोडं उगवतीला घे. आजून. हां, ते तीन तारे एका वळीत. मार्गशीर्षात ते डोक्यावर आले, की मध्यान्ह रात. आमच्याकडं घड्याळ नव्हतं. त्येच्यावर मोट धरायचो."

"आणखी काय बघायचात?"

"पहाटंला म्हातारीची बाज वर यायची. चार तारे म्हंजे बाजेचे पाय, अन् मागं तीन चोर वढत न्हेत्यात. पर ती आता कशी दिसंल? तिला येळ हाय."

"येईल की," ती मुलगी म्हणाली, आणि तिने आत्यासाठी सगळं आभाळ फिरवलं. शब्बीर सांगतो, की तारे एकदम सरकायला लागले, तिकांडं डोक्यावरून मावळतीला गेलं, आणि उत्तरेकडून हळूहळू ती बाज वर आली. मुलं खुर्चीत आणखी मागे रेलली. आत्याने बोट वर केलं. मग म्हणाली, "हीच. धनी न् मी बांधावर बसून हीच बघायचो." सुनंदाने अंधारात तिचा हात धरला होता. एवढं सांगताना मात्र शब्बीर हसत नाही.

मला जाग आली ती टाळ्यांनी. दिवे लागले होते आणि सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. मीही उठलो आणि सगळ्यांपेक्षा जोरात वाजवल्या. मुलं आत्याभोवती जमली होती. पुढचे टक्कलवाले गृहस्थ माझ्याकडे वळून बघत होते. मला वाटलं, ओळख करून घ्यायची असेल. मी हसून नमस्कार केला.

बाहेर आल्यावर मी शब्बीरच्या खांद्यावर हात टाकला. "काय? शनी कसा अंगावर आला?"

शब्बीर म्हणाला, "आज शनी दाखवलाच न्हाई दत्ता. त्यो येळ आत्यालाच गेला."

मी सुनंदाकडे पाहिलं. ती पदराने तोंड झाकून हसत होती. मग तिने सगळंच सांगून टाकलं. बावीस वर्षांपूर्वीही मी दुसऱ्या ताऱ्याला झोपलो होतो. परतीच्या एसटीत तिने मला आत काय काय झालं ते सांगितलं. शनी तिने पाहिला होता. डोकं तिने बाजूला घेतलं होतं.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"लग्नाला आठ दिवस झाले होते. नवऱ्याला खोटं कसं पाडायचं? आणि नंतर तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगायला लागलात."

परतताना मी मागच्या सीटवर बसलो होतो. लोणावळा गेलं तरी तोंड उघडलं नव्हतं. शेवटी आत्याला म्हणालो, "आत्या, माफ कर. तुला दाखवायला आणलं, आणि मीच झोपलो. चार लोकांत तुझी शोभा केली."

आत्याने शालीतून हात काढून माझ्या गुडघ्यावर थोपटलं. "येडा का काय? बरं झालं झोपलास ते. तू जागा असतास, तर त्या पोरीनं मला कशाला इचारलं असतं? समदं तूच बोलला असतास."

मी खिडकीबाहेर बघत बसलो. शब्बीरचं म्हणणं असं, की मी जागा असून गप्प बसलोय, हे दृश्य बघायला माणसाने मुंबईपर्यंत जायला हरकत नाही.