शेवटची विकेट

दुबईत अल क्वोजच्या रेताड मैदानावर दर रविवारी सकाळी मॅच असते आणि मोबाइलवर स्कोअर मी लिहिते. नवऱ्याच्या टीममधला एक बॉलर मॅच संपली की माझ्यापाशी येतो. गोदामात काम करतो, रत्नागिरीकडचा आहे. "भाबी, माझं वाचा ना," म्हणतो. मी त्याच्या ओव्हर, रन, विकेट वाचते. तो डोळे मिटून ऐकतो, "खलास," म्हणतो आणि जातो. याहून जास्त आम्ही कधी बोललो नव्हतो.

सीझनच्या शेवटच्या मॅचनंतर मी म्हटलं, "सगळ्यात जास्त विकेट तुमच्या. कप तुमचाच!"

"शेवटची रनआउट होती, भाबी. ती माझी नाय. काढा."

"काढली तर कप जाईल. कुणाच्या लक्षातही आलेलं नाही."

"रूमवर पडल्या पडल्या मी ह्याच विकेटी आठवतो. दुसरं काय आहे तिथं? त्यात एक खोटी घुसली, तर बाकीच्या पण खोट्या वाटतील."

मी ती काढली. कप दुसऱ्याला मिळाला. फोटोसाठी सगळे ह्या बॉलरला हाका मारत होते, तेव्हा तो कंपनीच्या रिकाम्या बसमध्ये जाऊन डोळे मिटून बसला होता. बस सुटायला अजून बराच वेळ होता.