हिंदुस्तान उलटा उतरला ती दुपार

मी हिंदुस्तान उलटा वाचला आणि आईच्या कुरडया भिजवल्या.

तेव्हा मी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो. हवामानाचे उपग्रह डोक्यावरून जाताना ढगांचं चित्र थेट खाली सोडत जातात, फक्त झेलणारा पाहिजे, हे कळल्यापासून मला चैन पडत नव्हतं. रिसीव्हर मी जुळवला, चित्र उमटवायचा प्रोग्राम मी लिहिला. अँटेना बाबांनी केला. ते कापडाच्या मिलमध्ये फिटर. मिल बंद पडल्यापासून बड़ा गणपतीजवळच्या आमच्या घरात भिंतीकडे बघत बसायचे. माझं ड्रॉइंग त्यांनी एकदा पाहिलं, घडी घालून ठेवून दिलं आणि तांब्याची नळी आपल्या मनाने वाकवली.

पहिल्याच सकाळी स्पीकरमधून टिक-टॉक, टिक-टॉक सुरू झालं. "लूम चालू झालं," बाबा म्हणाले आणि कित्येक महिन्यांनी हसले. पडद्यावर एकेक ओळ विणली जात होती. समुद्र आला, किनारा आला, ढग आले! खुर्च्या असून आम्ही दोघं उभेच.

आठवडाभर रोज सकाळी हेच. मग एका दुपारी छतावर कुरडया वाळत होत्या, आभाळ धुरकटलं होतं आणि आईने विचारलं, उचलू का? मी म्हटलं, थांब, उपग्रहाला विचारतो. चित्र आलं, जरा खरखरीत. मी छापलं आणि जाहीर केलं: ढग उत्तरेला, सांवेरच्या कितीतरी पलीकडे गेलेत, खुशाल वाळू दे.

तासाभरात दक्षिणेच्या राऊकडून पाऊस आला.

परातीत कुरडयांचा लगदा घेऊन आई खाली आली. उद्या छतावरची ती नळी निघालीच पाहिजे, तिने सांगून टाकलं. बाबांचा चेहरा पुन्हा त्या भिंतीसारखा झाला. मी गडबडून म्हणालो, अँटेनातच काहीतरी बिघाड असेल.

बाबांनी माझ्या हातातला कागद घेतला, नीट पाहिला. "क्यों भिया, लंका हिमालयाच्या वर कधी गेली?"

सकाळचा उपग्रह उत्तरेकडून येई, दुपारचा दक्षिणेकडून. त्यामुळे चित्रात दक्षिण आधी, वरच्या बाजूला उतरली होती, आणि माझ्या प्रोग्रामला फक्त सकाळच माहीत होती. बाबांनी कागद फिरवला. ढग बरोबर राऊच्या बाजूला.

आईने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"नळी राहू द्या छतावर," ती बाबांना म्हणाली. "ह्याला खाली उतरवा."